चष्म्यातला पेशंट

नोकरी सोडली ती गुडघ्यांमुळे. अर्धं आयुष्य कॅज्युअल्टीत सिस्टर म्हणून धावपळ केलेली बाई मी. पूनम सागर सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये दिवसभर करणार काय? पुसलेला ओटा पुन्हा पुसायचा, घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालायच्या. मिस्टर म्हणायचे, "अगं, जरा टेक की!"

अशात माझ्या हाताखाली शिकलेल्या एका नर्सचा फोन आला. ती आता नर्सिंगच्या मुलींसाठी गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होती. "मॅडम, डोळ्यांवर हेडसेट लावला की समोर अख्खी कॅज्युअल्टी दिसते. पेशंट खोटा, पण चुकलं तर दगावतो. आमच्याकडे कॉम्प्युटरवाले भरपूर आहेत, कॅज्युअल्टी पाहिलेलं कोणी नाही. याल का?"

मी दुसऱ्याच दिवशी गेले. हाटकेशला एका इंडस्ट्रियल गाळ्यात वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. खाली स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचे, त्याची थरथर वरच्या फरशीपर्यंत यायची. त्यांनी तो जाडजूड चष्मा माझ्या डोक्याला बांधला आणि मी एकदम ड्युटीवर उभी राहिले. समोर खाटेवर पन्नाशीचा माणूस, कपाळावर घाम, हात छातीवर. म्हणाला, "सिस्टर, गॅस झालाय बहुतेक."

मी नाडी बघायला हात पुढे केला. हाताला नुसती हवा लागली. त्या हवेनेच माझा गोंधळ उडाला. हातात दिलेल्या रिमोटची बटणं दाबून मी मॉनिटर लावला, डॉक्टरांना बोलावलं, पण ईसीजीचं मशीन शोधण्यात वेळ गेला. मॉनिटरवरची रेघ सरळ झाली. पडदा काळा झाला आणि त्यावर माझे मार्क आले. मग कोणीतरी बटण दाबलं. तो माणूस पुन्हा छातीवर हात ठेवून बसला आणि म्हणाला, "सिस्टर, गॅस झालाय बहुतेक."

घरी आले ते डोक्यात तोच घेऊन. जेवताना मिस्टरांनी ढेकर दिला तशी मी त्यांचं मनगट धरलं.

"काय गं?"

"छातीत दुखतंय का?"

"वांगं खाल्लंय," ते म्हणाले. "तुला त्या गेमने वेड लावलंय."

खोटं नव्हतं ते. भाजी घेताना, लिफ्टची वाट बघताना मला तो सारखा उठून बसताना दिसायचा. मेलेलं माणूस असं उठून बसतं हेच मला सोसत नव्हतं.

मशीन कुठे ठेवायचं, नातेवाईक कसे मध्ये येतात, हे सगळं मी कंपनीतल्या मुलांना सांगितलं, त्यांनी बदललं. मग एका कॉलेजच्या मुली ट्रायलसाठी आल्या. एकीने चष्मा लावला, बाकीच्या मोठ्या स्क्रीनवर बघत होत्या. पेशंट गेला. मुली हसल्या. "अरे यार, फिर मर गया! परत लाव ना."

माझं डोकं सणकलं. "हसायला काय झालं?"

मग चष्मावाली हळूच म्हणाली, "मॅडम, हसलो नाही तर भीती वाटते."

मी खाली उतरून हाटकेशच्या रस्त्यावर नुसत्या येरझाऱ्या घातल्या. परत वर आले ती सरळ टीम लीडच्या टेबलापाशी. तो माझ्या मुलाच्या वयाचा.

"तो मेल्यावर पडदा काळा होतो, ते चूक आहे," मी म्हटलं. "तिथे सिस्टरचं काम संपत नाही. पुढे दार असतं. दाराबाहेर त्याची बायको असते."

"मॅडम, ते क्लायंटने मागितलेलं नाही."

"त्यांना सुचलं नसेल. मला माहीत आहे म्हणून तर बोलावलंत."

तो कुरकुरला. पण त्याने बायको बनवली. बाकावर बसलेली, मांडीवर नवऱ्याचा शर्ट ठेवलेली पिशवी. आवाज कोणाचा, यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला पेणकरपाड्याची एक बाई आठवत होती. तिचा नवरा गेल्याचं मीच तिला बाहेर येऊन सांगितलं होतं. ते ऐकूनही तिने विचारलं होतं, "सकालपासून काय खाल्लं न्हाय त्यांनी. चाय दिली काय तुमी?" माईकसमोर मी तेच म्हटलं. पहिल्या वेळी मी फारच भरभर बोलून टाकलं. पुढच्या वेळी खालच्या पॉलिशचा आवाज आत आला. शेवटी एकदाचं झालं.

पुढच्या ट्रायलला तीच चष्मावाली होती. पेशंट गेला, दार उघडलं, बायकोने चहाचं विचारलं. मुलगी हळूहळू फरशीवर गुडघे टेकून बसली, बाकावरच्या त्या बाईच्या उंचीला येऊन. खोलीत कोणी हसलं नाही. चष्मा काढल्यावर तिने मला विचारलं, "मॅडम, किती वेळ थांबायचं असतं?"

"नाही सांगता येत," मी म्हटलं.

टीम लीडला त्या भागालाही मार्क हवे होते. मी अडून बसले, मार्क नाहीत. मग व्हायचं तेच झालं. बऱ्याच मुली तो भाग गाळून पुढे जायला लागल्या. तसं बटणच होतं. ते कळल्यापासून माझी चिडचिड सुरू झाली. कोणी थांबलं का, कोणी गाळलं, हे मी दर आठवड्याला विचारायचे आणि उत्तर ऐकून आणखी अस्वस्थ व्हायचे.

मग एका दुपारी त्याच मुलीचा फोन आला. ती भाईंदरच्या एका हॉस्पिटलात लागली होती.

"मॅडम, आज सांगावं लागलं. डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेले. मीच गेले बाहेर. पेशंटची आई होती."

"काय म्हणालीस?"

"सांगितलं की गेले. बसले नुसती त्यांच्याजवळ."

"पाणी दिलंस?"

"दिलं. त्यांनी माझा हात धरला, मॅडम. सोडतच नव्हत्या. गेममध्ये हे नव्हतं."

"नव्हतं," मी म्हटलं. "तू जेवलीस का?"

"नाही अजून."

"आधी जेव. मग पुन्हा फोन कर." मी फोन ठेवला आणि तो पुन्हा वाजेपर्यंत घरभर चालत राहिले.