सरस सुकायच्या आत

थर्मन एकर्स पहिल्या रांगेत बसला होता, पण गाण्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो गिटारची घोडी बघत होता.

घोडी म्हणजे लाकडाची वीतभर पट्टी. सहाही तारांचा ताण तिच्यावर, आणि ती गिटारच्या वरच्या फळीला धरून असते ती फक्त सरसाच्या, लाकूड चिकटवायच्या त्या खळीच्या, जोरावर. व्हर्जिनियाच्या त्या डोंगरात गिटार, फिडल, बॅन्जो, काहीही मोडलं की लोक थर्मनच्या गॅरेजमध्ये आणत. एकेचाळीस वर्षं आणत आले होते. तो बोटाच्या पेराने लाकडावर टकटक करायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "होईल." आणि व्हायचं.

ही गिटार त्याच्या बापाने घडवलेली. लव्होन सॉवर्सने तिच्यावर पन्नास वर्षं गाणी रचली आणि गावोगाव गायली. शनिवारी दुपारी लव्होन गॅरेजच्या दारात उभी राहिली तेव्हा घोडी मागून उचकटली होती.

"शहरातला तो दुरुस्तीवाला पोरगा म्हणतो, आठवडा लागेल," ती म्हणाली. "मला उद्या तीनला गायचंय. इमोजीनच्या दुकानात."

"त्या पोराला काय कळतंय?" थर्मन म्हणाला. "घेऊन जा उद्या."

बाप सांगायचा, सरसाला एक रात्र आणि एक दिवस दे, आणि लाकूड आधी कोमट कर. थर्मनने घाई केली. गॅरेज थंडगार होतं. घोडी दाबून धरणारा शिकंजा आवळायच्या आतच सरस गोठला. त्याच्या बोटांना ते तिथेच कळलं. सगळं काढून पुन्हा करायला हवं होतं, पण वेळ नव्हता. रविवारी दुपारी त्याने घोडीखाली कागद सरकवून पाहिला. कागद नखभर आत गेला; तिथे फट होती. त्याने तो खिशात घातला आणि गिटार देऊन टाकली.

आता इमोजीनच्या जुन्या किराणा दुकानात पंचेचाळीस माणसं दाटीवाटीने बसली होती. राजमा आणि मक्याचा पाव खाऊन झाला होता. शेगडी रसरसत होती. गाणं चालू असताना कुणी उठायचं नाही, खोकायचंही बेताने, हा इमोजीनचा कायदा.

दुसऱ्या गाण्यानंतर लव्होनने खुंटी पिळली. "ही पण माझ्यासारखीच," ती म्हणाली. "बसल्या बसल्या उतरते."

लोक हसले. थर्मन हसला नाही. तारा उगीच उतरत नव्हत्या. घोडी पुढे कलत होती, आणि लव्होन तारा पुन्हा ताणत होती.

तिसरं गाणं झालं. पुन्हा खुंटी. घोडीमागे केसाएवढी काळी रेघ दिसू लागली. घोडी उडाली तर बापाच्या हातची फळी फाडून उडणार. वर लव्होनचा वाकलेला चेहरा. मध्यंतराला अजून दोन गाणी होती. तेव्हा हळूच सांगता येईल. कुणाला कळायचंही नाही.

तिने चौथं गाणं धरलं. आत काहीतरी कुरकुरलं. फक्त त्याला ऐकू आलं.

थर्मन उभा राहिला.

"बस खाली!" इमोजीन दबक्या आवाजात ओरडली.

"लव्होन, हात थांबव. तारा उतरव."

ती थांबली. "का रे?"

"घोडी सुटतेय. मी नीट लावली नाही. कालच माहीत होतं मला."

मग मागून म्हातारा हायरम बोलला, "मग माझ्या बॅन्जोचंही खरं सांगून टाक बाबा!" दोघं-तिघं हसले. थर्मनने मान वर केली नाही.

लव्होनने एकेक खुंटी सोडली. सहा वेळा. शेवटची तार सैल पडल्यावर तिने त्याच्याकडे टक लावून पाहिलं.

"तोंडावर आली असती माझ्या."

"हो."

"सकाळी बोलला असतास तर उसनी आणली असती."

"हो."

तिने गिटार त्याच्या हातात दिली. "धर. आणि बस. तुझ्यामुळे गाणं अडलंय."

तो गिटार मांडीवर घेऊन बसला. लव्होनने गुडघ्यावर ताल धरला आणि तेच गाणं पहिल्यापासून, नुसत्या गळ्याने सुरू केलं. आवाज घोगरा होता. मध्येच चिरकला, पुन्हा सावरला.

थर्मनचा तळवा फळीवर होता. तारा सैल, तरी लाकूड तिच्या आवाजाने थरथरत होतं. दुसऱ्या हाताने त्याने खिशातला कागद काढला आणि घोडीखाली सरकवला. तो बोटभर आत गेला. शेजारच्या बाईने ते पाहिलं. त्याने कागद तसाच राहू दिला.