ॲपने नाकारलेलं वजन

कळंबोलीच्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात ॲप सांभाळणारे एक गृहस्थ आहेत. ते कधीच ओरडत नाहीत, त्याचीच मला धास्ती वाटते. आम्ही भरलेली जी माहिती ॲप नाकारतं, ती डेटाबेसमध्ये वेगळी साठते. रोज सकाळी चहा निवेपर्यंत ते ती वाचतात. कुणाची चूक सापडली की "ठीकाय, ठीकाय" म्हणत चष्मा पुसतात.

आज त्यांनी मला बोलावून स्क्रीन दाखवली. एकाच ट्रकचं वजन मी चारदा भरलं होतं. मर्यादेपेक्षा जास्त म्हणून ॲपने तीनदा नाकारलं होतं. दर वेळी मी आकडा कमी केला होता. चौथा त्याने घेतला.

"पहिला खरा ना?"

मी होकारार्थी मान हलवली. ते ठीकाय म्हणाले नाहीत. फोन माझ्यापुढे सरकवला.

"ड्रायव्हरला थांबवा आधी. गाडी घाटात असेल."