आईच्या नाकासाठी नाशिक आणि डहाणू

पुण्याहून सकाळी सहाला निघालो तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. मी वस्त्यांमधून दारूविरोधी पत्रकं वाटणारी मुलगी, आणि आमचा पहिला थांबा नाशिकजवळची वाइनरी! हे आईनं ठरवलं होतं. गेल्या वर्षीच्या तापानंतर तिला वासच येत नाही. दूध करपलं तरी कळत नाही. फोडणी टाकली की बाबांना विचारते, "अहो, करपली नाही ना?" वेगवेगळे वास घेण्याचा सराव ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. वाइनरीत वास ओळखायला शिकवतात, असं तिनं पेपरात वाचलं. झालं.

"लवंग हुंगायला घर पुरतं," मी नारायणगावपर्यंत भांडत होते. "हे शिक्षण नाही, दारूची जाहिरात आहे."

"पत्रक संपलं की सांग, मिसळीला थांबू," गाडी चालवत बाबा म्हणाले.

मिसळ झणझणीत होती. आई म्हणाली, "तिखट लागतंय. बाकी काही नाही."

नाशिकच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागल्या. वाइनरीच्या फाटकाशी मी सांगून टाकलं, आत येणार नाही.

"तुझी शेकडो पत्रकं मी दुमडून दिली," आई म्हणाली. "आज अर्धा तास माझ्याशेजारी उभी राहा."

गेले. रागातच गेले.

माहिती द्यायला आईच्याच वयाच्या एक बाई होत्या. त्यांनी पेल्यात पांढरी वाइन गोल फिरवली. "ताई, पिऊ नका हवं तर. नुसतं नाक आत घाला. पेरू आठवतो का?"

आईनं डोळे मिटले. "हो! पेरू."

मी आणि बाबा एकमेकांकडे बघतच राहिलो. दुसरा पेला लाल वाइनचा. बाई काही बोलायच्या आतच आई घाईनं म्हणाली, "पेरू!"

बाईंनी क्षणभर आईकडे पाहिलं. "हो ताई, असू शकतो," त्या हळूच म्हणाल्या. आईनं पेला खाली ठेवला आणि हात धुवायची जागा विचारली. तिथे ती बराच वेळ होती.

डहाणूच्या वाटेवर त्र्यंबक गेलं, जव्हारचा घाट गेला. मी संत्रं सोललं आणि साल तिच्या नाकाशी धरली.

"गार वाटतं," ती म्हणाली आणि माझा हात तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डहाणूच्या किनाऱ्यावर गेलो. बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत टाकले होते. बाबांनी रुमाल नाकाला लावला. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. आई चालता चालता थबकली.

"शी! कसली घाण येतीये?"

मग तिनं पुन्हा हुंगून पाहिलं. "अहो," ती म्हणाली, "अहो, घाण येतीये!"

म्हावरं (मासळी) उलटत असलेली कोळीण हसायला लागली. "पुन्याची मान्सं नाक धरून पलतात गो, नि ही बाय नाक पुढं करून उभी!"

आई बोंबलांवर वाकून रडत होती. बाबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि तिच्याशेजारी उभे राहून मोठा श्वास घेतला.

आईनं मूठभर बोंबील विकत घेतले.

"आई, आपण शाकाहारी आहोत."

"मी कुठे खातेय? हुंगतेय."

पुण्यापर्यंत गाडीच्या चारही काचा उघड्या होत्या.

दारूबद्दलचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही. पण त्या बाईंनी आईचं मन राखायला दुसरा पेरूही मान्य केला, ते मी कुठल्या पत्रकात लिहू? माझ्या पत्रकांत माणसं फक्त दोन प्रकारची असतात, दारू विकणारी दुष्ट आणि दारूनं बुडालेली बिचारी. त्या बाई त्यांतल्या कुठल्याच नव्हत्या.

फोडणीचा वास आईला अजून येत नाही. बोंबलांची बरणी मात्र रोज सकाळी उघडते. चौथ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात. "वहिनी, जिन्यात मासळीचा वास येतोय. सोसायटीचा नियम आपल्याला ठाऊक आहे."

माणसानं काय शिजवावं हे ठरवणारे तुम्ही कोण, असं विचारायला मी पुढे सरसावले. आईनं मला बाजूला केलं.

"कुठपर्यंत येतोय हो?"

"पार खालच्या मजल्यापर्यंत!"

आईनं चपला घातल्या आणि जिना उतरायला लागली. पायरीपायरीवर थांबत होती, हुंगत होती. सेक्रेटरी आमच्या दारातच उभे राहिले. खालून आईचा आवाज आला, "अहो, खरंच की! इथेही येतोय!"