नखाएवढा माणूस

इंदुताई बाहेर जाताना दाराला कुलूप लावत नाहीत, हे मला त्यांच्याकडे भाड्यानं राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं आणि माझं डोकं फिरलं. हैदराबादेत नारायणगुड्यासारखी भर वस्ती, खाली चार दुकानं, वर आमची दोनच बिऱ्हाडं, आणि या बाई नुसती कडी अडकवून भाजीला जातात! मी पुण्याची. आम्ही कुलूप लावतो, दोनदा ओढून बघतो आणि अर्ध्या जिन्यातून परत येऊन पुन्हा ओढतो. मी त्यांना तसं सुनावलंसुद्धा. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांनी किल्ली नेली नाही गं. आले तर काय जिन्यात बसतील?"

'ते' म्हणजे त्यांचे यजमान, हिम्मतराव. एका एप्रिलात सकाळी दहाच्या सुमाराला, काळ्या मसाल्याच्या मिरच्या आणायला म्हणून बेगम बाजारात गेले, ते परत आलेच नाहीत. पोलीस झाले, दवाखाने झाले, उदगीरकडचे सगळे नातेवाईक विचारून झाले. ही गोष्ट मी राहायला येण्याच्या नऊ वर्षं आधीची. नऊ वर्षं त्या दाराला कुलूप नव्हतं.

एवढ्यावरून कुणाला वाटेल की इंदुताई म्हणजे खिडकीशी बसून डोळे पुसणाऱ्या बाई असतील. छे! अठ्ठावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढलेली ही बाई. फीची पावती हरवलेल्या बापांना त्यांनी रडवलेलं आहे. उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, पण रिक्षावाल्याशी बोलायला लागल्या की तो गुपचूप उतरून रिक्षा पुसायला घेतो. बोलणं म्हणजे मराठीत उदगीर, उदगिरात हैदराबाद, आणि राग आला की निव्वळ दख्खनी. माझं नाव मृण्मयी. ते त्यांना आजतागायत जमलेलं नाही. त्या मला 'मुरमई' म्हणतात. मी मुरमुऱ्यांच्या जातीची असल्यासारखं वाटतं, पण आता सवय झाली.

घरात हिम्मतरावांचा एक कॅमेरा होता. रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेला, फुल फ्रेम म्हणतात तो मोठा, हातात विटेसारखा जड. त्याच्यासोबत एकच लेन्स, पन्नास मिलिमीटरची. पन्नासच्या लेन्सला पुढे-मागे करणं नसतं, जे दिसतं ते तेवढंच दिसतं. कॅमेरा कपाटात लुगड्यांखाली होता. मला फोटोग्राफीचं वेड, म्हणून मी तो बाहेर काढायला लावला, नवी बॅटरी घातली आणि इंदुताईंना बटणं शिकवली. दोन महिन्यांत त्या माझ्यापेक्षा बरे फोटो काढायला लागल्या. मला थोडा रागच आला होता.

दर शनिवारी सकाळी आम्ही दोघी रिक्षानं गौलीगुड्यापर्यंत जायचो आणि तिथून चालत बेगम बाजारात. मी वाट फुटेल तिकडे फिरायची. इंदुताई मात्र मिरच्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, एका बंद दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून गल्लीचे फोटो काढायच्या. पायरी तीच, गल्ली तीच. मला वाटायचं, म्हातारपणी माणूस एकमार्गी होतो.

या वर्षी बारा वर्षं भरत आली. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. मुलगा प्रशांत बंगळूरला असतो. त्यानं गुरुजी ठरवले, अमावास्या ठरवली, आणि आईला फोनवर तारीख सांगितली. इंदुताई हो म्हणाल्या. संध्याकाळी लॅपटॉपवर शनिवारचे फोटो बघत असताना मला म्हणाल्या, "मुरमई, मला एक लेन्स पाहिजे. लांबचं बी दिसलं पाहिजे, जवळचं बी. आणि मला उचलता बी आली पाहिजे."

"आता कशाला लेन्स?"

त्यांनी फोटोतल्या गल्लीच्या पार टोकाला बोट ठेवलं. दोन पोत्यांच्या मधे एक माणूस पाठमोरा उभा होता, इवलासा. पांढरा शर्ट. हातात लाल पिशवी, तिच्यावर पांढरे पट्टे.

"माझ्या इरकलीच्या पदराची पिशवी आहे ती," त्या म्हणाल्या. "मीच शिवली होती. तीच घेऊन गेले."

मी हसले. मग मागचा शनिवार उघडला. तो होता. त्याच्या मागचा उघडला. तिथेही होता. मी तीन वर्षांचे फोटो उलटे चाळत गेले. अकरा फोटोंत तो माणूस होता, त्याच जागी, तसाच पाठमोरा. पोती बदलली होती, दुकानाच्या पाट्या बदलल्या होत्या, त्याची पिशवी बदलली नव्हती. इंदुताईंनी करंगळीचं नख पडद्याला लावून दाखवलं. माणूस बरोबर नखाएवढा होता, अकराही फोटोंत.

"तिथे उभं राहून कधी दिसलाय तुम्हाला?" मी विचारलं.

"डोळ्याला एकदाबी नाही. पळत गेलेय तिथवर. कुणी नसतं." त्या पडद्याकडेच बघत होत्या. "तोंड दिसलं पाहिजे, मुरमई. मग प्रशांतनं खुशाल पुतळा करावा. पण आधी मला तोंड बघू दे."

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण लेन्सवर आहे, आणि भीती वाटली की मी कामाला लागते. रात्रीचं जेवण बाजूला ठेवून मी त्यांना सगळं समजावलं. चोवीस ते सत्तर, दोन-आठवाली, कमी उजेडातही चालणारी, झकास लेन्स, पण वजनानं मान मोडेल आणि किमतीत स्कूटर येईल. अठ्ठावीस ते दोनशे स्वस्त आणि हलकी, पण लांबचं ओढलं की चित्र गढूळ होतं, गल्लीतल्या सावलीत तर विचारूच नका. चोवीस ते एकशेपाच, चारवाली, जुनी मिळाली तर पंचवीस हजारांच्या आत बसेल. चोवीसवर अख्खी गल्ली येईल, एकशेपाचवर टोकाच्या पाटीची अक्षरं वाचता येतील. पन्नासवर जो नखाएवढा दिसतो, तो एकशेपाचवर दुपटीहून मोठा दिसेल, बोटाच्या पेराएवढा. तोंड वळवलं तर तोंडही दिसेल.

"तीच घेऊ," इंदुताई म्हणाल्या. "हिंडायला ती बरी."

कोठीच्या एका गल्लीत मोईनभाईंचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. त्यांनी लेन्स काढून दिली. मी टॉर्च लावून आत बुरशी आहे का पाहिलं, रिंग सैल आहे का ते फिरवून पाहिलं, आणि जेवढी ऐट मारता येईल तेवढी मारली. इंदुताईंनी काउंटरवर हात ठेवून सांगितलं, "भाई, दूर का भी दिखना, नजदीक का भी."

मोईनभाई हसले. "सब येइच बोलते अम्मा." मग आम्ही नेलेल्या कॅमेऱ्यावर लेन्स नीट चालते का बघायला त्यांनी आतले फोटो पुढे-मागे केले, एक मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "अरे, ये थैली! ये साब तो परसों आए थे ना दुकान पे. येइच लेन्स पूछ रे थे. मिर्ची की थैली काउंटर पे रख दिए, पूरी दुकान छींक रई थी."

मी इंदुताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. लेन्स पिशवीत घातली आणि बाहेर पडल्या.

घरी येताच मी प्रशांतला फोन केला. म्हटलं, "तुमचे बाबा जिवंत आहेत. परवाच कोठीत एका दुकानात येऊन गेले." त्यानं गुरुजींना नको म्हणून कळवलं, रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दारात हजर झाला. मला वाटलं, मी केवढं मोठं काम केलं!

प्रशांतनं बूटही न काढता विचारलं, "दुकानदार नक्की काय बोलला? त्याचा शब्द सांगा."

"परसों आए थे, म्हणाला. परसों म्हणजे परवाच की."

त्यानं डोकं धरलं आणि तो जिन्यावरच बसला. "मृण्मयी, तुम्ही तीन वर्षं हैदराबादेत राहता ना? इथे परसों म्हणजे मागचा कुठलाही दिवस. माझ्या मुंजीलासुद्धा लोक परसों म्हणतात!"

आम्ही तसेच कोठीला गेलो. मोईनभाईंनी आठवून सांगितलं. "परसों बोले तो, नवा शटर लगाए थे ना, उसी दिन. बारा साल हो गए होंगे. एप्रिल था. साब बोले, लेन्स रख लो, घर में पूछ के आता हूँ."

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. दोन माणसांच्या जिवाशी मी एका शब्दानं खेळले होते. वर आल्यावर मी इंदुताईंची माफी मागितली. त्या मसाल्याचा डबा पुसत होत्या.

"मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "माझा जन्म हितला."

"मग बोलला का नाहीत?"

"प्रशांतनं पुतळा पुढं ढकलला असता का, मी बोलले असते तर?" त्यांनी डबा खाली ठेवला. मग त्यांचा आवाज पहिल्यांदाच फुटलेला मी ऐकला. "मिरच्या घेतल्या होत्या गं त्यांनी. म्हणजे घरीच यायला निघाले होते. बारा वर्षं मला वाटलालं, मला कंटाळून गेले."

शनिवारी आम्ही तिघंही गेलो. इंदुताई पायरीवर चढल्या. नवी लेन्स त्यांच्या हातात बेताची बसत होती. आधी चोवीसवर एक फोटो काढला, मग पन्नासवर, मग रिंग शेवटपर्यंत फिरवून एकशेपाचवर. गल्लीच्या टोकाला माझ्या डोळ्यांना कुणीच दिसत नव्हतं. प्रशांत टोकापर्यंत जाऊन उभा राहिला आणि हात हलवून परत आला.

पायरीवरच आम्ही पडद्यात पाहिलं. चोवीसच्या फोटोत पूर्ण गल्ली होती, तिच्या टोकाला तो माणूस, नखाएवढा. मी पुन्हा निरखून पाहिलं, कारण चोवीसवर तो टाचणीएवढाच दिसायला हवा होता. पन्नासच्या फोटोत तो तेवढाच. मग एकशेपाचचा उघडला. पाट्या जवळ आल्या होत्या, पोत्यांवरचे छापे वाचता येत होते, एकेक मिरची देठासकट मोजता येत होती. सगळी गल्ली चालून पुढे आली होती. आणि मधे तो उभा होता, पाठमोरा, नखाएवढा. शेजारचं पोतं त्याच्या चौपट उंच होतं.

प्रशांतच्या ओठांवरचा घाम मला दिसत होता. लेन्समध्ये असा दोष नसतो. असूच शकत नाही. मी घरी जाऊन तिन्ही फोटो शंभर वेळा मोजले.

इंदुताईंनी पडद्याला लावलेलं नख काढून घेतलं. "बत्तीस वर्षं एका घरात काढली," त्या म्हणाल्या. "तेव्हाबी एवढेच दिसायचे. कितीबी जवळ जा." मग प्रशांतकडे वळल्या. "गुरुजींना फोन लाव. घरी यायला निघाले होते, एवढं कळलं. मला पुरे झालं."

अमावास्या निघून गेली होती, म्हणून गुरुजींनी नवी तिथी दिली. पुतळा झाला, अग्नी झाला. कुंकू पुसायची वेळ आली तेव्हा इंदुताईंनी स्वतःच पुसलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. भिंतीवर लावायला हिम्मतरावांचा उतारवयातला एकही फोटो निघेना, कारण रिटायर झाल्यापासून ते कायम कॅमेऱ्यामागे. इंदुताईंनी एकशेपाचचाच फोटो मोठा करून आणला, चौकटीत बसवला आणि हार घातला. येणारेजाणारे मिरच्यांच्या पोत्यांना नमस्कार करतात आणि गोंधळून खाली बसतात.

याला आता तीन आठवडे झाले. काल सकाळी मी दुधाची पिशवी द्यायला त्यांच्याकडे गेले आणि सहज त्या फोटोकडे लक्ष गेलं. का कोण जाणे, मी करंगळीचं नख लावून पाहिलं. माणूस नखाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येत होता. मी स्वतःला सांगितलं, फोटो मोठा करून आणलाय, तर माणूस मोठा दिसणारच. मग शेजारच्या पोत्याकडे पाहिलं. आधी पोतं त्याच्या चौपट होतं. आता ते त्याच्या छातीपर्यंत होतं. आणि त्याची पाठ मला पूर्ण दिसत नव्हती. एक कान आणि गालाची कड दिसायला लागली होती.

"इंदुताई," मी हाक मारली.

"बघितलं मी," त्या आतून म्हणाल्या. "परवापासून येलालेत. रोज थोडं पुढं."

"परवा म्हणजे कधी?"

"तुझा परवा, मुरमई. खरा."

त्या बाहेर आल्या. गळ्यात कॅमेरा, त्याला ती चोवीस-एकशेपाच. हातात एक पितळी कुलूप होतं, नवंकोरं, किल्लीला अजून दोरा बांधलेला. "चल," त्या म्हणाल्या, "आज बाजार नको. दुसरीकडं कुठंतरी हिंडू." त्यांनी फोटोकडे पाहिलं नाही. मला पुढे घालून दार ओढून घेतलं, कडी लावली, कुलूप अडकवलं आणि दोनदा ओढून पाहिलं. अर्धा जिना उतरल्यावर त्या थांबल्या, परत वर गेल्या आणि पुन्हा ओढून आल्या.