करवंट्यांतलं मेण

बायको गेल्यापासून मला एका जागी बसवत नसे. पुस्तक उघडायचं, अर्ध्या पानावरून उठायचं, बागेत फेरी मारून परत खुर्चीत. विजयनगरातल्या आमच्या घराची ही बाग तिनेच वाढवलेली. आमची लेक हुणसूरला कॉलेजात शिकवते. शनिवारी संध्याकाळच्या बसने ती यायची, तेव्हा तिची आई करवंट्यांत मेण ओतून फाटकापासून दारापर्यंतच्या संपिगेच्या, म्हणजे सोनचाफ्याच्या, झाडांना टांगून ठेवायची. आई गेली आणि लेकीचं येणं थांबलं. फोनवर एवढंच म्हणाली, "अप्पा, ते अंधारातलं फाटक उघडवत नाही हो."

म्हटलं, या शनिवारी तू ये. बाकी काही सांगितलं नाही.

परसात करवंट्यांचं पोतं होतंच. मी नारळाच्या डोळ्यांकडच्या बाजूच्या निवडून घेतल्या, त्या देखण्या वाटल्या म्हणून. मेण वितळवलं, वाती धरून ओतलं. शेजारच्या घरातून वहिनी आल्या.

"अय्यो भाऊजी, वर्ष झालं नाही अजून, आणि दिवे?"

"दिवे नव्हेत, मेणबत्त्या आहेत."

"हो, आणि हे संपिगेचं झाड नव्हे, विजेचा खांब! साकु म्हटलं ना, पुरे. आवरा ते."

"पोर घरी येत नाही, वहिनी."

 मग त्यांची नजर ओट्यावर गेली. "मेण कुठं चाललंय बघा आधी."

कोंब जिथून फुटतो तो मऊ डोळा गरम मेणाने मोकळा झाला होता. प्रत्येक करवंटी गळत होती. मी बोटाने भोक दाबलं आणि चटका बसून हात झटकला.

"जन्मभर पुस्तकंच उघडलीत. नारळ कधी फोडलाय का?" म्हणत त्या घरी गेल्या आणि मळलेल्या नाचणीच्या पिठाचा गोळा घेऊन आल्या. एकेक डोळा लिंपू लागल्या. "कुणी विचारलं तर मी बघते काय सांगायचं ते. तुम्ही ओता."

उन्हं उतरली तरी मेण नीट थिजेना. मी सारखा घड्याळाकडे आणि रस्त्याकडे बघत होतो. कशाबशा तारा बांधून करवंट्या टांगल्या, वाती पेटवल्या. फाटक वाजलं.

लेक तिथेच उभी राहिली. आत येईना.   वाती भकभकत होत्या, पानांना काजळी धरत होती.

"एवढी लांब वात ठेवतात का अप्पा?" ती चिडून म्हणाली. पिशवी खाली टाकून तिने पहिली करवंटी विझवली, नखाने वात खुडली, पुन्हा पेटवली. मग पुढची. मग त्याच्या पुढची. माझ्याकडे न बघता, पुटपुटत, एका झाडाकडून दुसऱ्याकडे. पायरीजवळची शेवटची वात खुडून झाली तेव्हा ती दारात होती. तिने चपला काढल्या.