आडनावाचा रकाना

कोल्हापुरात थंडीच्या सकाळी वाऱ्यावर मळीचा आंबूस वास आला, की मी पुन्हा बाविशीची होते आणि लांबच्या त्या साखर कारखान्याच्या शेती ऑफिसात कॉम्प्युटरसमोर जाऊन बसते.

कुणाचा ऊस आधी तोडायचा, हे तिथं वशिल्यावर ठरायचं. मी एक्सेलमध्ये सूत्र घातलं. लागणीला बारा महिने झाले असतील तर ‘तोड’, नाहीतर ‘थांब’.

एका संचालकांच्या दहा महिन्यांच्या उसापुढं ‘थांब’ आलं. ते स्वतः आले, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

“पोरी, तेवढं ‘तोड’ कर की.”

“साहेब, लागणीची तारीख ‘थांब’ म्हणतीया, मी न्हाय.”

“आमचं आडनाव दिसत न्हाय व्हय त्याला?”

“आडनावाचा रकानाच न्हाय त्यात.”

मी हात कीबोर्डवर नेलेच नाहीत.

दुसऱ्याच दिवशी माझी बदली वजनकाट्यावर झाली. तेव्हा घरी जाऊन रडले होते. आता तो वास आला की हसू येतं. शेती ऑफिस सोडताना, सूत्र कुणाला बदलता येऊ नये म्हणून, मी त्याला पासवर्ड घातला होता. संचालकांनी तो तीनदा मागितला.

मी अजून दिलेला नाही.