आप्पांची मोटार आणि सुवर्णाचा चिकटा

समजा, तुमच्यासमोर एक कार्ड आहे. शेतातली मोटार मोबाइलवरून चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरमधलं, तळहाताएवढं. त्यावर तुम्ही आत्ताच नवा रिले, म्हणजे मोटारीची कळ दाबणारा छोटा भाग, सोल्डर केलाय आणि टाक्यांभोवती, डाख नीट धरावा म्हणून लावलेल्या फ्लक्सचा पिवळा चिकटा उरलाय, काकवी सांडल्यासारखा. तो पुसायचाय. घरात पेट्रोल आहे, गेट रंगवून उरलेला थिनर आहे, नेलपॉलिशचं रिमूव्हर आहे आणि सॅनिटायझर. काय घ्याल?

राहू गावच्या सुवर्णाने चारही घेऊन पाहिले आणि चारही वेळा बोलणी खाल्ली.

माहेर निमोण्याचं. लग्नाआधी ती रांजणगावच्या एका कारखान्यात सोल्डरिंगच्या लाइनवर होती. सासरी आल्यावर तिने ओट्यावर टेबल टाकून स्टार्टर दुरुस्ती सुरू केली. पेट्रोलने पुसलेल्या कार्डाचा वास दोन दिवस घरात राहिला आणि सासूबाई धुरपदा यांना मिश्री भाजायला शेजारी जावं लागलं. हा अपमान त्या अजून विसरलेल्या नाहीत. थिनरने प्लॅस्टिकवरची अक्षरं पुसली गेली, कुठली वायर कुठे हे कळेना. रिमूव्हरने तर बटणच विरघळवलं.

सॅनिटायझर मात्र सभ्य वाटला. ग्रामपंचायतीने वाटून उरलेला कॅन, त्यावर तेव्हाच्या सरपंचांचा हात जोडलेला फोटो. त्याने तिने जयसिंगआप्पांचं कार्ड पुसलं. लखलखीत दिसलं. आप्पांच्या पाच मोटारी, आणि आप्पा ज्याच्याकडे दुरुस्तीला जातील त्याच्याकडे गाव जातं. सुवर्णाचं टेबल राहणार की उचललं जाणार, ते या कार्डावर होतं.

थंडी पडली, दहिवर आलं आणि आप्पांची मोटार सकाळी आपोआप सुरू झाली. शेवंती गुडघाभर पाण्यात. डेअरीवर चारचौघांत आप्पा म्हणाले, "सूनबाई, तुझी मोटार आमच्या आधी उठती. अजून एकदा उठली, तर पाचही पुण्याला."

सुवर्णाने कार्ड उघडून बोट लावलं. चिकट. हात मऊ राहावेत म्हणून सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं. ते आणि अर्धवट पुसलेला फ्लक्स कार्डावर राहिले होते, दहिवर पीत बसले होते आणि त्या ओलाव्यातून वीज वाट काढून रिले ओढत होती.

ग्लिसरीन नसलेलं, निव्वळ अल्कोहोल आणायला ती दौंडला गेली. मेडिकलवाल्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणून दिलेल्या बाटलीत तीस टक्के पाणी निघालं. तिने ती परत केली, नव्व्याण्णव टक्के पाहिजे म्हणाली. त्याने विचारलं, घरात पिणारं कोण हाय?

"पिणारे आपली बाटली आपण आणत्यात," ती म्हणाली, "मला न्हाई धाडत."

शेवटी कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानात बाटली मिळाली.

सकाळी तिने मोटारीच्या जागी बॅटरीवरचा छोटा बल्ब जोडला आणि कार्ड बंबाच्या वाफेवर धरलं. बल्ब आपोआप पेटला. सासरे सोपानराव टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. आज आंघोळ माझी हाय का कार्डाची, एवढंच त्यांनी विचारलं. मग तिने कार्ड नव्या बाटलीतल्या अल्कोहोलने धुतलं, ब्रशने घासलं आणि ओलं असतानाच फडक्याने टिपलं, कारण वाळू दिलं तर विरघळलेला चिकटा सगळीकडे पसरून तिथेच बसतो. पुन्हा वाफ. बल्ब गप्प. सासऱ्यांना पाणी मिळालं, कोमट.

महिनाभर मोटार आप्पांचं ऐकत राहिली. मग आप्पा दुसऱ्या मोटारीचं कार्ड घेऊन आले. सात वर्षं चालून आता रिले गेलेला. सुवर्णाने भिंगातून पाहिलं. प्रत्येक टाक्याभोवती कंपनीचा चिकटा जसाच्या तसा. आप्पांनाही तो दिसला.

"कंपनीनं धुतलंच न्हाई की," ते म्हणाले. "मग तू कशापायी धुतीस?"

खरं तर तिच्या लाइनवरही कुणी कार्ड धुवत नव्हतं. तेव्हा का नाही, हे तिने विचारलं नव्हतं. तिने टेबलावरची फ्लक्सची डबी फिरवून पाहिली. त्यावर किंमत होती, कमळाचं चित्र होतं; आत कुठल्या जातीचा फ्लक्स आहे, तो धुवायचा की तसाच ठेवायचा, यातलं काही नाही.

"आप्पा, कार्ड ठेवून जावा," ती म्हणाली. "पर त्यांचा चिकटा सात वर्षं गप बसला, तर माझाच का बोलतो?"